सिंह दिसला का?

परत आल्यापासून सगळे एकच विचारतात.
दूधवाला विचारतो, रेशनच्या रांगेत विचारतात,
भद्रा मारुतीच्या पायऱ्यांवर भेटलेली जुनी विद्यार्थिनी
कडेवरचं लेकरू सावरत विचारते:
मॅडम, आफ्रिकेत सिंह दिसला का?

नाही गं.
माकडं दिसली. गवत खाणारी.

तिचा चेहरा पडतो.
एवढे पैसे घालून माकडं?
ती तर वेरुळला तिकीट न काढता दिसतात.

खरंय. साठलेल्या रजेचे पैसे होते,
माझे आणि जहाँआराचे.
ती गणित शिकवायची, मी भूगोल,
एकाच खोलीत एकतीस वर्षं डबे उघडले.
सहा महिने पहाटे म्हैसमाळचा चढ चढलो,
मी साडी खोचून, पायात नातवाचे बूट.
गावाला वाटलं, दोघींनाही शुगर निघाली.

सिमियेनचा पहिला कडा आला
तेव्हा मी खाली बसले, दगडाला हात लावला.
काळा. थरावर थर. पायऱ्या पडलेला.
आपलाच की हा.
फळ्यावर किती वेळा लिहिलं, लाव्हा, भेगा, पठार,
लिहिलं आणि डस्टरनं पुसलं.
इथे तोच धडा कुणी
छिन्नी न लावता उघड्यावर मांडून ठेवला होता,
खाली बघितलं तर पोटात गोळा.

माकडं कुरणात बसली होती, तीनशे तरी.
बसल्या बसल्याच पुढे सरकायची,
दोन्ही हातांनी गवत खुडायची,
आणि तोंड अखंड चालू.
जहाँआरा म्हणाली,
"अगं, ह्या तर कांद्याच्या वावरात
खुरपायला बसलेल्या बाया!"
छातीवर प्रत्येकाच्या लाल उघडं कातडं,
तेवढीच लोकर कुणी कापून नेल्यासारखं.
एकानंही आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.
आम्हाला ते फार आवडलं.
एकतीस वर्षं सगळा वर्ग आमच्याचकडे बघत होता.

सोबत गेताचू. खांद्यावर जुनी रायफल,
पायात प्लास्टिकच्या चपला.
त्याची भाषा आम्हाला नाही, आमची त्याला नाही.
त्यानं खिशातले भाजलेले जव दिले,
मी पिशवीतले फुटाणे.
चौथ्या दिवशी त्यानं नुसतं बोट केलं:
कड्याच्या काठावर शिंगं, मागे वळलेली,
रानबोकडाची. साऱ्या पृथ्वीवर तो तिथेच राहतो म्हणे.
मी चष्मा पुसला
तोवर शिंगं गेलेली.

चार हजार मीटरच्या पुढे हवा मोजून मिळते.
जहाँआरा वीस पावलं मोजायची, थांबायची.
मग सतरा.
मग म्हणाली, "ह्यापुढचा आकडा मला नको."
आणि दगडावर बसली, ओढणी कानावर बांधून.
गेताचूनं घाई केली नाही. तोही बसला.

त्या रात्री तंबूत, अंधारात, तिनं विचारलं,
"आपल्याकडचा तो इथलाच ना?"
"कोण?"
"घुमटाखालचा. इथून विकला गेलेला पोरगा."
इतक्या बाजारांतून, इतक्या हातांतून
तो आमच्या पठारावर आला,
जमिनीखालून शहराला पाणी आणलं,
आणि आमच्या शाळेपासून दहा मिनिटांवर निजला.
मी म्हणाले, "तो इथला नव्हे, पूर्वेचा. हरारकडचा म्हणतात."
"तुझा भूगोल राहू दे," ती म्हणाली.
"विकलेल्या पोराला
घराची दिशा तेवढी आठवते. जिल्हा नाही."
बराच वेळ कुणी बोललं नाही.
बाहेर गारठ्यात गेताचू खोकत होता.

काल दोघी घुमटाकडे गेलो.
पाऊणशे पावलांचा चढ, ती दोनदा थांबली,
आता सवयच झालीय म्हणाली.
मूठभर जव उरले होते, पाकिटाच्या तळाशी,
ते मी पायरीवर ठेवले.
तिनं फातिहा म्हटली,
मध्येच अडखळली, कुठवर आलो ते विसरल्यागत,
पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

पायरीचा दगड उन्हानं तापला होता.
काळाच.
मी हात ठेवला.
चटका बसत होता, तरी ठेवला.